अकरावा रोल: कोकणातल्या एका नौदल छायाचित्रकाराच्या ट्रंकेचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका चिरेबंदी घरात, कौलांखालच्या माळ्यावर, एक लोखंडी ट्रंक होती. घरधनी दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत छायाचित्रकार होते. १९३८ ला भरती झाले, १९४६ ला घरी आले. पुढे तालुक्याच्या गावी छोटा स्टुडिओ चालवला आणि चार मुलं वाढवली. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. इथेही तेच नाव वापरलं आहे, बाकी नावगाव मुद्दाम दिलेलं नाही.

ट्रंकेत १२० नंबरच्या फिल्मचे २३ रोल होते, प्रत्येकावर ६ × ९ सेंटिमीटरच्या ८ चौकटी. शिवाय दीडशेच्या आत-बाहेर प्रिंट, नोकरीचा दाखला, तीन पदकं आणि मनीऑर्डरच्या कुपनांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. कुटुंबाचं म्हणणं साधं होतं: नेव्हीचे फोटो वेगळे काढून एखाद्या संग्रहालयाला द्यावेत, घरचे घरात राहू द्यावेत. जवळपास प्रत्येक घरातून हीच मागणी येते आणि सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होतं. तात्यांच्या फिल्मवर जहाज आणि घर एकाच पट्टीवर होतं. पट्टी तोडली की दोघांचीही तारीख हरवते.

अशा ट्रंका कोकणात तुरळक नाहीत. युद्धाआधी या नौदलातले खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातलेच असत, आणि तेव्हा जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग धरलेला होता. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडलं आहे.

ट्रंक उघडण्याआधी

ट्रंक पहिल्यांदा उघडली गेली ती ऐन आषाढात, ओटीवर. त्या दिवसांत कोकणात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते. फिल्मवरचा जिलेटिनचा थर हवेतलं पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो, शेजारच्या थराला चिकटतो. ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरते. ट्रंक लगेच बंद करून ठेवली आणि काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारी बारा ते चार या वेळेत केलं. खोलीत दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ५५ च्या वर गेला की काम थांबवायचं.

बुरशी धरलेल्या १९ निगेटिव्ह निघाल्या. घरातल्यांचा पहिला विचार त्या पाण्याने पुसायचा होता, आणि तो हाणून पाडावा लागला. बुरशी जिलेटिन खाते तेव्हा उरलेला थर पाण्यात विरघळेल असा होतो. ओला कापूस फिरवला की बुरशीबरोबर चित्रही निघून येतं. आधी निगेटिव्ह सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात दहा-बारा दिवस ठेवून बुरशी सुकवली, मग मऊ ब्रशने, मास्क लावून, उघड्या पडवीत झटकली. जे डाग राहिले ते राहू दिले. सिलिका जेलचाही अतिरेक नको. आर्द्रता ३० च्या खाली गेली की जुनी फिल्म गुंडाळते आणि उलगडताना तडकते.

डांबरगोळ्या सगळ्या काढून टाकल्या. कपड्यांना त्या ठीक, पण फिल्मच्या डब्यात त्यांची वाफ कोंडते आणि थंडी-उन्हाच्या फेऱ्यात स्फटिक होऊन चित्रावर बसते. ११ प्रिंट काही वर्षांपूर्वी लॅमिनेट करून घेतलेल्या होत्या. त्यांना आता काही करता येत नाही. तापलेला डिंक कागदात मुरलेला असतो, प्लास्टिक ओढलं तर चित्र सोलून निघतं. त्यांचे वरून फोटो घेतले आणि तसंच सोडून दिलं.

नायट्रेट

फिल्मच्या कडेला बारीक अक्षरं असतात. भिंगाखाली ६ रोलांवर ‘नायट्रेट’ (सहज पेटणारी जुनी फिल्म) निघालं, १५ रोलांवर ‘सेफ्टी’, दोन रोलांवर काहीच नाही. कोडॅकने ३५ मिलिमीटरच्या छायाचित्रणाची फिल्म १९३८ मध्येच नायट्रेटवरून हलवली, पण रोल फिल्मचे काही आकार १९५० पर्यंत नायट्रेटवर निघत होते. म्हणजे युद्धकाळातला १२० चा रोल हातात आला की आधी नायट्रेटच धरून चालावं.

नायट्रेट कुजताना आधी पिवळट होते, मग चिकट, मग बुडबुडे येतात, शेवटी तपकिरी भुकटी उरते. कुजलेली फिल्म ४० अंशांच्या आसपास बराच काळ राहिली तर आपणहून पेटू शकते, आणि एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, पाण्याने विझत नाही. वैशाखात कौलांखालचा माळा किती तापतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी जुने चित्रपट गेले, तो साठा तर जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली होता. तुकडा जाळून ओळख पटवायचा उपाय काही जण सांगतात. तो कुणीही करू नये.

तात्यांचे सहाही रोल पिवळट होते, पण चिकट झालेले नव्हते. ते त्याच दिवशी माळ्यावरून खाली आणले, हवाबंद डब्यातून काढून एकेक पट्टी कागदी पाकिटात घातली आणि माजघरात, घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात, बाकीच्यांपासून लांब ठेवले. डबा हवाबंद असला की फिल्ममधून सुटणारी आम्लवाफ तिच्यावरच काम करत राहते.

सेफ्टी म्हणजे अ‍ॅसिटेट. ती पेटत नाही, पण कुजते, आणि कुजताना व्हिनेगरचा वास येतो. १५ पैकी ४ रोलांना वास होता. एकदा तो सुरू झाला की सुटलेलं आम्लच पुढची कुज वेगाने वाढवतं, म्हणून स्कॅनिंगच्या रांगेत नायट्रेटनंतर लगेच हे चार घेतले.

विहिरीचं पाणी आणि समुद्राचं पाणी

या ट्रंकेतली सगळ्यात बोलकी गोष्ट चित्रांत नव्हती, डागांत होती. काही रोल सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही करड्या रंगाचे, स्वच्छ. काहींवर पिवळे-तपकिरी ढग. आधी वाटलं की स्वच्छ ते चांगल्या कंपनीचे असतील. पण कडेची अक्षरं सारखीच होती.

फिल्म धुण्याची रीत आठवली की उलगडा होतो. डेव्हलपरनंतर फिल्म हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात टाकतात, साधारण लिटरला २४० ग्रॅम. हायपो उजेड न लागलेले चांदीचे क्षार विरघळवतो, पण तो स्वतः जिलेटिनमध्ये राहिला तर वर्षानुवर्षं चित्र खात पिवळा डाग पाडतो. तो काढायला वाहतं पाणी अर्धा तास तरी लागतं. घरी नळ नव्हता. बाळंतिणीच्या बिनखिडकीच्या खोलीत रात्री फिल्म धुवायची तर प्रत्येक पाणी विहिरीतून शेंदून आणायचं. पिवळे डाग असलेले रोल बहुतेक असे, घरी धुतलेले. त्यांच्यावर बारीक जाळीसारख्या सुरकुत्याही आहेत. डेव्हलपिंगला २० अंशांचं पाणी धरलेलं असतं, कोकणातल्या विहिरीचं पाणी त्याहून बरंच कोमट. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमानात एकदम फरक पडला की फुगलेल्या जिलेटिनवर जाळी पडते. उष्ण प्रदेशात यावर क्रोम अ‍ॅलमचा उपाय असे, लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे थर घट्ट होतो. त्याची हिरवट छटा तात्यांच्या तीन रोलांवर दिसते.

आणि स्वच्छ रोल? ते जहाजावर धुतलेले. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळतं, त्यामुळे फिल्म समुद्राच्या पाण्यात धुवावी लागे. खारं पाणी हायपो गोड्या पाण्याहून लवकर काढतं. युद्धाच्या काळात नौदलांमध्ये हे लक्षात आलं, आणि पुढे हायपो काढणारी जी पूड बाजारात आली तिच्यामागे हेच निरीक्षण आहे. अट एकच, शेवटी थोडं तरी गोडं पाणी फिरवायचं, नाहीतर मीठ राहून ओल धरतं. दोन रोलांच्या कडांना पांढरी मिठाची किनार आहे. त्या दिवशी गोडं पाणी मिळालं नसणार.

तेव्हा घरचे रोल पिवळे पडले म्हणून घरच्या चित्रांकडे तात्यांनी दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू नये. युद्धात फिल्म सहजी मिळत नव्हती. तरी रजेवर येताना कॅमेऱ्यात दोन-तीन चौकटी शिल्लक ठेवलेल्या आहेत, नऊ रोलांत हेच दिसतं.

कापलेल्या पट्ट्या जुळवणं

२३ पैकी १७ रोल घरातल्याच एकाने, चांगल्या हेतूने, कात्रीने कापून ठेवले होते. जहाजं एका बिस्किटाच्या डब्यात, माणसं दुसऱ्यात. कापलेल्या चौकटी परत जोडायला चार खुणा उपयोगी पडल्या.

कात्रीची कड कधीच नेमकी सरळ नसते, दोन तुकडे प्रकाशपाटीवर शेजारी ठेवले की कड कडेत बसते. कॅमेऱ्यातला धुळीचा कण फिल्मवर लांबच लांब ओरखडा ओढतो, तो एका चौकटीतून दुसरीत त्याच उंचीवर पुढे जातो. चौकटीचा आकडा पाहायला कॅमेऱ्यामागे जी लाल खिडकी असते तिच्यातून उजेड शिरला असेल तर ठराविक अंतरावर धुरकट ठिपका येतो. चौथी खूण म्हणजे चौकटीची किनार. प्रत्येक कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीला एखादा खवला असतो आणि तो प्रत्येक चित्राच्या कडेला उमटतो. तात्यांच्या कॅमेऱ्याचा खवला खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ आहे, तिळाएवढा. दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यातले चार तुकडे त्यामुळेच वेगळे काढता आले.

१७ पैकी १४ रोल जुळले, तीन अर्धवट राहिले. चिकटपट्टी कुठेही लावलेली नाही. तुकडे एका लांब कागदी पाकिटात क्रमाने ठेवून बाहेर पेन्सिलीने क्रम लिहिला.

स्कॅनिंग २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने, मॅक्रो लेन्स लावून, एलईडी प्रकाशपाटीवर केलं. फ्लॅटबेड स्कॅनरचं झाकण ठिसूळ फिल्मवर दाबू नये. फिल्मची निस्तेज बाजू कॅमेऱ्याकडे ठेवली आणि संगणकावर चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवलं. ६००० पिक्सेलची रुंदी या आकाराला पुरते, इंचाला साधारण १७०० ठिपके पडतात. जिथे अक्षर-आकडा वाचायचा होता तिथे जवळून आणखी चित्रं घेतली. आणि महत्त्वाचं म्हणजे चौकटीबाहेरची किनारही स्कॅनमध्ये धरली. वरच्या चारही खुणा तिथेच असतात. स्टुडिओवाले सवयीने ती कापतात, त्यांना आधीच सांगून ठेवावं.

बेंगाल की सतलज

घरातली आख्यायिका अशी की तात्यांनी ‘बेंगाल’ची लढाई टिपली. एका मोठ्या प्रिंटच्या मागे तसं लिहिलंही होतं: बेंगाल, १९४२. ही लढाई खरी आणि अभिमानाची. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘बेंगाल’ ही याच नौदलाची सुरुंग काढणारी छोटी नौका आणि ‘ओंदिना’ हे डच तेलवाहू जहाज, या दोघांनी ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ या दोन मोठ्या जपानी जहाजांना तोंड दिलं. ‘होकोकू मारू’ बुडालं. बेंगालवर तीन इंची एकच मोठी तोफ होती.

प्रिंट आणि निगेटिव्ह शेजारी ठेवल्यावर शंका आली. प्रिंटवर जहाजाच्या कुशीवरचा आकडा शाईने बुजवलेला होता. निगेटिव्हवर, अकराव्या रोलच्या तिसऱ्या चौकटीत, तो स्वच्छ वाचता आला: यू ९५. हा याच नौदलाच्या ‘सतलज’ या युद्धनौकेचा क्रमांक, बेंगालचा जे २४३. पुढल्याच चौकटीत डेकवर जोडनळीची तोफ आहे, जी बेंगालवर नव्हती.

मग प्रिंट तपासली. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली ती निळसर चकाकली. छायाचित्राच्या कागदात चकाकी आणणारी द्रव्यं १९५० च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागली, त्याआधीचा कागद टॉर्चखाली मंदच राहतो. म्हणजे प्रिंट, आणि तिच्यामागची ओळ, लढाईनंतर किमान दहा-बारा वर्षांनी झालेली. अक्षरही तात्यांचं नव्हतं.

पण मग चित्र कधीचं? इथे घरच्या चौकटी कामाला आल्या. त्याच रोलची सहावी, सातवी आणि आठवी चौकट या घराच्या अंगणातली आहे. आठव्यात मोठी लेक जांभ्याच्या भिंतीला पाठ टेकून उभी आहे. शेजारी आई चटईवर बसलेली, समोर तान्हा मुलगा आपला आपण बसला आहे. मागे भाताची उडवी रचलेली. खालून, पोरांच्या पायांपर्यंत, एक लांब सावली आली आहे: कोपर बाहेर काढून, पोटाशी कॅमेरा धरून वाकलेला माणूस. तात्या स्वतः या २३ रोलांत जवळपास कुठेच नाहीत, सावलीत मात्र सात वेळा आहेत.

ती भिंत आजही बिनगिलाव्याची आहे. चिऱ्याच्या एका थराची उंची सांध्यासकट मोजली, ८ इंच भरली. लेकीचं डोकं पावणेपाच थरांवर येतं, म्हणजे ३८ इंच. वाढीच्या तक्त्यात ही उंची सव्वातीन वर्षांच्या पुढची. पत्रिकेप्रमाणे जन्म फाल्गुन शके १८६२, म्हणजे १९४१ चा मार्च. हिशेब १९४४ च्या पावसाळ्यात जाऊन पडला. आणि तो चुकीचा होता हे उघड होतं, कारण उडवी अंगणात असते ती कार्तिकापासून झोडणी होईपर्यंत. शिवाय पावसाळ्यात आगबोटी बंद, रजा मिळाली तरी मुंबईहून घरी येणं दुष्कर.

चूक सापडली ती लेकीमुळेच. आता ऐंशी ओलांडलेल्या या आजींनी चित्र पाहताच सांगितलं की तात्या फोटो काढताना त्यांना पाटावर उभं करत. भिंगाखाली पाटाची कड दिसली. घरात तसलाच जुना पाट आहे, दोन इंच उंचीचा. ३८ वजा २ म्हणजे ३६ इंच, वय पावणेतीनच्या आसपास, काळ डिसेंबर १९४३. आजचे तक्ते तेव्हाच्या खेड्यातल्या मुलांना नेमके लागू पडत नाहीत, मुलं बहुधा ठेंगणी असत. म्हणून निव्वळ उंचीवर तारीख ठरवलेली नाही.

धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे. तिच्यावर विसंबू नये. तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून टाकत, महाराष्ट्रात अशा जन्मतारखा घरोघरी आहेत. इथे मात्र पत्रिकाही ज्येष्ठ शके १८६५ सांगते, म्हणजे १९४३ चा जून. आधाराशिवाय बसणारं मूल सहा ते आठ महिन्यांचं. काळ पुन्हा तोच, डिसेंबर ते फेब्रुवारी.

मनीऑर्डरच्या कुपनांवर पोस्टाचे शिक्के आहेत. युद्धकाळात जहाजाचं नाव कुठे लिहायची सोय नव्हती, पण खंड बोलतो. १९४३ च्या मे महिन्यापासून सहा महिने कुपन नाही. पदकांत इटली स्टार आहे, आणि सिसिलीवर १९४३ च्या जुलैत दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीच्या सतलज आणि जमना तिथे होत्या. यू ९५ चं चित्र दुसऱ्या जहाजाच्या कठड्यावरून घेतलेलं आहे, कठडा चौकटीत आला आहे. म्हणून तात्या सतलजवर होते असंही लिहिलेलं नाही. नोंद एवढीच: दुसऱ्या जहाजाच्या डेकवरून दिसणारी सतलज, १९४३ चा उत्तरार्ध. नेमणुकीच्या जहाजासाठी सेवा क्रमांक, तेव्हाचं स्पेलिंग, गाव आणि भरतीचं साल घालून मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, म्हणजे खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या नौदलाच्या कार्यालयाकडे, अर्ज केला आहे. वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्यावी.

प्रिंटमागची ‘बेंगाल, १९४२’ ही ओळ खोडलेली नाही. सूचीत दोन रकाने आहेत: एक पुराव्यावरून ठरलेल्या नोंदीचा, दुसरा कुटुंबाने जपलेल्या माहितीचा. त्या दुसऱ्या रकान्यात ती आहे तशी ठेवली. कुपनांवरच्या ओळीही तिथे उतरवल्या आहेत. बहुतेक कुपनांवर एक ओळ पैशांची आणि उरलेल्या तीन ओळी मुलांबद्दलच्या.

आता काय कुठे आहे

अ‍ॅसिटेटचे आणि बिनखुणेचे रोल घरीच, चार घड्यांच्या आम्लरहित कागदी पाकिटांत, उभे. पीव्हीसीची पाकिटं नकोत. पाकिटं दुहेरी झिप पिशवीत, ओल दाखवणारं कार्ड घालून, फ्रिजमध्ये. कोकणात वादळवाऱ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, म्हणून सूचना पिशवीवरच लिहिली: वीज गेली तरी पिशवी उघडू नये, आणि एरवीही बाहेर काढल्यावर एक दिवस थांबून उघडावी, नाहीतर थंड फिल्मवर दंव धरतं. स्कॅनच्या तीन प्रती आहेत, त्यातली एक मुंबईला थोरल्या नातवाकडे.

नायट्रेटचे सहा रोल घरात ठेवण्यासारखे नव्हते. शीतगृहाची सोय असलेल्या संस्थेकडे ते गाडीने, पहाटेच्या गारव्यात, नेऊन दिले. अशी फिल्म पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवायची नसते. अकरावा रोल त्यातलाच. तो अख्खा गेला, अंगणासकट. देणगीपत्रात अट घातली की आठही चौकटी कायम एकत्र राहतील आणि कुटुंबाला केव्हाही प्रत मिळेल.

आजींनी पहिली प्रत मागितली ती आठव्या चौकटीची. दुसऱ्या दिवशी निरोप आला की एकटी नको, पूर्ण पट्टी हवी, एकाच कागदावर. ती तशीच लांबच लांब छापली. डावीकडे तोफ आणि समुद्र, उजवीकडे उडवी आणि पाट. ओटीवर, खिडकीचं ऊन न येणाऱ्या भिंतीला, काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून लावली आहे.